सत्काराच्या यादीतून आमचं नाव काढा

प्रति,
आमच्या मंडळाची कार्यकारिणी, आणि वडोदऱ्यात घर व गावाकडे जमीन असलेली तमाम मराठी मंडळी

स. न. वि. वि.

मंडळाच्या ग्रुपवर आलेलं निमंत्रण वाचलं. यंदाच्या वर्धापनदिनी ‘वृक्षमित्र’ घराण्यांचा सत्कार आहे. स्वतःच्या जमिनीवर हजारापेक्षा जास्त झाडं ज्यांनी लावली, त्यांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र. यादीत दुसरं नाव माझ्या वडिलांचं आहे. त्यानंतर ‘शेती न करता शेतीचं उत्पन्न’ या विषयावर एक गृहस्थ बोलणार आहेत. विषय काय तर नीलगिरीची क्लोन रोपं, लाकूड खरेदीचा करार आणि वर कार्बनचे पैसे. मग पावभाजी.

पावभाजीला मी येईन. सत्कार मात्र नको. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे शाल माझ्याच खांद्यावर येणार, आणि ती घ्यायला माझं मन धजत नाही. कारण विचारायला चौघांचे फोन आले. फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून सगळ्यांनाच लिहिते.

बाबांनी १९८४ च्या पावसाळ्यात संखेडा तालुक्यातल्या आमच्या अठरा विघ्यांत नीलगिरी लावली. जमीन ओरसंग नदीपासून फार लांब नाही, गोराडू, म्हणजे रेताड-पोयट्याची, पाणी झिरपणारी. आधी तिथे तूर, ज्वारी, थोडी कपाशी व्हायची. रोपं सरकारी नर्सरीतून जवळपास फुकटच मिळाली. वीस हजारांच्या आसपास, खांद्याला खांदा लावून उभी केली. पुढच्या वर्षी तालुक्याच्या गावी त्यांना प्रमाणपत्र मिळालं. ते दांडिया बाजारच्या आमच्या घरात सयाजीराव महाराजांच्या तसबिरीखाली अजून लटकतंय.

आता, ही झाडं का लावली? आपल्यातल्या पुष्कळ घरांत हे उघड बोललं जात नाही, तेव्हा मीच बोलते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, म्हणजे कूळकायद्याने कसेल त्याची जमीन झाली त्या दिवशी, आजोबांची बरीचशी जमीन कसणाऱ्यांच्या नावावर गेली. आजोबांना ते मरेपर्यंत पटलं नाही, मला पटतं. पण उरलेल्या जमिनीबरोबर एक धास्ती घरात कायमची राहायला आली, ती म्हणजे ‘कूळ लागेल’. आपण राहायचं बडोद्यात, नोकरी करायची बँकेत, आणि शेत कसायला माणूस ठेवायचा तर उद्या सातबाऱ्यावर त्याचं नाव चढेल ही भीती. नीलगिरीने ती चिंता एका फटक्यात मिटवली. झाड हक्क सांगत नाही. त्याला खुरपणी लागत नाही, राखण लागत नाही, नीलगाय त्याला तोंड लावत नाही (नीलगाईला नीलगिरी नको, ही एक गंमतच). तर सांगायचं हे, की ज्याला तुम्ही वृक्षप्रेम म्हणून शाल देताय ते आमच्या घरी कुळाच्या भीतीचं पीक होतं. बाबा वाईट नव्हते. त्या वेळी आजूबाजूच्या पुष्कळांनी तेच केलं.

आमच्या शेतावर एक राठवा आदिवासी कुटुंब वर्षानुवर्षं राबत होतं. त्यांना मजुरी मिळायची, ती फारशी नव्हतीच. पण मजुरीशिवाय त्या शेतातून त्यांच्या घरात काय काय जात होतं याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. तूर काढली की तुराट्या त्यांच्या, वर्षभराचं सरपण. ज्वारीच्या कडब्यातला वाटा त्यांच्या बैलांना. काढणीनंतरचा सरवा बायका-पोरं वेचून न्यायची. बांधावरचं गवत, बांधावरचा महुडा, म्हणजे मोह, त्याची फुलं, मग डोळी, म्हणजे त्याच्या बिया, डोळीचं तेल. पेरणीपासून मळणीपर्यंत हाताला काम. नीलगिरी लावल्यावर पहिली दोन वर्षं थोडी निगा होती, नंतर काही नाही. तोडणीला कंत्राटदार आपली टोळी बाहेरून घेऊन आला. बांधावरचे दोन महुडे ‘सावली पाडतात’ म्हणून आधीच गेले होते.

त्या घरातल्या बाईने एकदा आईला विचारलं होतं, ‘बेन, झाडंच झाडं झाली, आता चूल कशावर पेटवू?’ आई हसली होती, मीही. कॉलेजात होते, मला तो विनोद वाटला. पाचोळा भडकन पेटतो आणि भाकरी भाजायच्या आत विझतो, फांद्यांवर कंत्राटदाराचा डोळा, आणि जनावर तो पाला खात नाही. पुढे ते कुटुंब पावसाळा संपला की बडोद्याला यायला लागलं. कडियानाक्यावर सकाळी सातला उभं राहायचं, कोणी नेलं तर काम. गोत्रीकडच्या इमारती अशाच हातांनी उभ्या राहिल्या आहेत. एकट्या नीलगिरीने त्यांना शहरात आणलं असं म्हणणार नाही. त्या पट्ट्यातून बाहेर पडायला माणसाकडे पुष्कळ कारणं आहेत. आमचे अठरा विघे त्यातलं एक कारण होतं, एवढंच म्हणते.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की सामाजिक वनीकरण सुरू झालं ते याच चुलीसाठी. गुजरातने १९७० च्या सुमारास, देशात सगळ्यांच्या आधी, त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. १९८० पासून जागतिक बँकेचा पैसा आला. गावाला सरपण मिळावं, चारा मिळावा, म्हणजे जंगलावरचा ताण कमी होईल, असा कागदावरचा विचार होता. प्रत्यक्षात रोपं गेली ज्यांच्याकडे जमीन होती आणि जमिनीवर राहायची गरज नव्हती त्यांच्याकडे, म्हणजे आपल्याकडे. आणि आपण लावली ती बांधकामाच्या बल्ल्या आणि कागदाचा लगदा देणारी झाडं. सरपण नाही, चारा नाही.

बरं, आम्ही तरी गबर झालो का? बाबांची पहिली तोडणी १९९१ ला आली. तोवर गुजरातेत, हरियाणात, पंजाबात, उत्तर प्रदेशात, जिथे जिथे शेतकऱ्यांनी नीलगिरी लावली होती तिथे सगळ्यांची झाडं एकाच सुमारास तोडायला आली होती, आणि ऐंशीचं दशक संपता संपता भाव कोसळले. व्यापारी उक्त्यात सौदा करायचा, शेतात एक फेरी मारून आकडा सांगायचा. तोडून ठेवावं तर लाकूड वाळतं, वजन घटतं. न तोडावं तर पैसा अडकतो. बाबांनी पहिला आकडा नाकारला, दुसरा त्याहून कमी आला, तिसऱ्याला ‘हो’ म्हणाले. मग उसाच्या खोडव्यासारखे खुंटांतून फुटवे आले, त्यांची दुसरी तोडणी झाली, मग तिसरी, प्रत्येक वेळी बारीक. शेवटी खुंट उपटायला जेसीबी लावला. त्या जेसीबीचं बिल बाबा पुष्कळ वर्षं पाकिटात घेऊन फिरत. ‘नीलगिरी लावू का?’ असं कोणी विचारलं की काढून दाखवत. सत्कार करायचाच असेल तर त्या बिलाचा करा.

पाण्याबद्दल जरा जपून बोलते, कारण तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय आणि या विषयावर दोन्ही बाजूंनी थापा फार मारल्या जातात. ‘नीलगिरी म्हणजे पाण्याचा पंप’ हे अर्धं खरं. १९९० च्या दशकात कर्नाटकात इयन काल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या खोडांतून जाणारं पाणी प्रत्यक्ष मोजलं. जिथे माती उथळ होती तिथे नीलगिरीने पावसाइतकंच पाणी वापरलं, जवळपासच्या देशी जंगलापेक्षा फार वेगळं नाही. पण होस्कोटेजवळ, जिथे माती खोल होती, तिथे वापर पावसापेक्षाही जास्त निघाला. मुळं दरवर्षी आणखी खाली जात होती आणि आधीच्या वर्षांचं साठलेलं पाणी उपसत होती. बँकेतल्या शिलकीवर जगणाऱ्या माणसासारखं. आमची गोराडू जमीन खोल आहे. आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, त्याच काळात आजूबाजूला बोअर पडले, म्हणून सगळा दोष मी झाडांवर टाकत नाही. पण नीलगिरीच्या ओळींना लागून असलेली शेजाऱ्याची तूर गुडघ्याच्या वर गेली नाही, ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो शेजारी आमच्याकडे तक्रार घेऊन आला होता. बाबा त्याला म्हणाले, माझ्या हद्दीत आहेत. मुळांना हद्द कुठे कळते.

जगभरच्या नोंदी एकत्र करून २००५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गवताळ, झुडपी किंवा शेतीच्या जमिनीवर अशी लागवड झाली की ओढ्या-नाल्यांचं पाणी सरासरी ५२ टक्क्यांनी घटतं, आणि १३ टक्के ओढे किमान एक वर्ष तरी पूर्ण आटतात, असं त्यात निघालं. दक्षिण आफ्रिकेने तर १९९८ च्या जल कायद्यातच व्यापारी वृक्षलागवडीला ‘प्रवाह घटवणारी कृती’ म्हटलंय, आणि ती करायला पाण्याचा परवाना लागतो. मला हा कायदा फार आवडतो. तो झाडांना नावं ठेवत नाही. झाड लावतोस, लाव, पण पाणी घेतोयस हे वहीत लिही, इतकंच म्हणतो.

आपल्याकडे वही उलटी लिहिली जाते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर दहा टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र दिसलं की ते ‘वनाच्छादन’. झाड कुठलं, जमीन कुणाची, पाच वर्षांनी तोडणार की कसं, याला महत्त्व नाही. उपग्रहाला वरून हिरवं दिसलं की पुरे. २०२३ च्या अहवालात वनाच्छादनाच्या वाढीत मिझोरमच्या खालोखाल गुजरातचा नंबर लागला, १८० चौरस किलोमीटर. ऐकायला गोड आहे. पण त्या आकड्यात महुड्याचं रान आणि लगद्याची नीलगिरी एकाच ओळीत बसतात. बाबांचे अठरा विघे १९८८ साली या व्याख्येने वन ठरले असते आणि १९९१ साली, एका आठवड्यात, नसते.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. नीलगिरी पीक आहे. सुरूचं झाड पीक आहे, सुबाभूळ पीक आहे. उसाला कोणी जंगल म्हणत नाही, आणि ऊस लावला म्हणून कोणी शाल देत नाही. पीक म्हटलं की आपोआप बरोबर प्रश्न विचारले जातात: पाणी किती, भाव काय, मजुरी कोणाला, शेजाऱ्याचं काय, कीड पडली तर? (कीड पडते. एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती शेतभर लावल्या की एकाची कीड सगळ्यांची. ऑस्ट्रेलियातून आलेल्या गाठमाशीने या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिणेतल्या नर्सऱ्या आणि मळे हैराण केले होते.) जंगल म्हटलं की हे सगळे प्रश्न गप्प बसतात आणि टाळ्या वाजतात.

कागदाविरुद्ध मी नाही. दरवर्षी चार दिवाळी अंक मीही घेते. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने सांगितलं की कारखान्यांना नैसर्गिक जंगल मिळणार नाही, त्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून थेट घ्यावा. ते शहाणपणाचं होतं. त्याआधी कारखान्यांसाठी बांबूची रानंच्या रानं गेली. सोनगडला आपल्यापैकी किती जण गेलेत? पिलाजीराव गायकवाडांचं पहिलं ठाणं, गायकवाडीचा पाळणा. त्याच सोनगडजवळ साठच्या दशकात कागदाची गिरणी उभी राहिली, कारण शेजारी डांगचा बांबू होता. आज तिकडचे शेतकरी नीलगिरी, सुरू लावतात, विकतात, आणि जो स्वतः कसतो, बांधाच्या कडेला चार ओळी लावतो, मधे भात घेतो, त्याला त्यातून दोन पैसे मिळतात. त्याच्याशी माझं भांडण नाही. तो गावात राहतो, विहीर आटली तर आधी त्याची आटते. भांडण आपल्याशी आहे, जे बडोद्यात बसून अख्खा मळा लावतात आणि वर वृक्षमित्र म्हणवून घेतात.

आणि आता कार्बन. त्या गृहस्थांच्या पत्रकात लिहिलंय, तुमची झाडं हवा शुद्ध करतील आणि तुम्हाला पैसे मिळतील. वाढताना झाड कार्बन घेतं, बरोबर. पण पाच-सहा वर्षांनी ते लगद्यात जातं, लगद्याचा खोका होतो, खोका उकिरड्यावर, आणि घेतलेलं बरंचसं परत हवेत. साग किंवा वड दोनशे वर्षं उभा राहिला तर गोष्ट वेगळी.

केंद्राने २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटची योजना आणली, झाडं लावा आणि बदल्यात विकता येणारी पत मिळवा अशी. फेब्रुवारी २०२४ च्या तिच्या पद्धतीत ऱ्हास झालेल्या वनजमिनीवर हेक्टरी किमान ११०० झाडं लावायची होती, झुडपी जमिनीवर आणि उघड्या रानावरसुद्धा. पण ज्याला कागदावर पडीक म्हणतात तिथे भरवाडांची गुरं चरतात, टिमरूची, म्हणजे तेंदूची, पानं निघतात, माळढोकाच्या जातीचे पक्षी गवतात अंडी घालतात. ते पडीक नसतं, आपण तिथे गेलेलो नसतो. कच्छच्या बन्नीत १९६१ साली खारं रण पुढे सरकू नये म्हणून सुमारे ३१,५०० हेक्टरांवर परदेशी बाभूळ लावली. तिकडचे लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, वेडी बाभूळ. आशियातल्या उत्तम कुरणांपैकी एक ती खात सुटली, आणि आता तीच काढायला पैसे खर्च होतात. आपल्या रस्त्यांच्या कडेच्या कोनोकार्पसचंही तेच झालं. भराभर वाढतो, हिरवागार दिसतो, म्हणून लावला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनेच त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

माझं आजोळ धारवाडचं. मामाने १९८७ च्या हिवाळ्यात पत्रातून एक कात्रण पाठवलं होतं. धारवाड जिल्ह्यात, आता हावेरीत, कुसनूर गावात १४ नोव्हेंबरला लोकांनी सत्याग्रह केला. सरकारने एका कंपनीबरोबर भागीदारी करून गावोगावची चराऊ, सरपणाची जमीन, ७५ हजार एकर, लगद्याच्या लाकडासाठी द्यायची ठरवली होती. लोक आले, नीलगिरीची काही रोपं उपटली आणि त्याच जागी आपल्या उपयोगाची रोपं लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, उपट आणि लाव. खटले झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९९१ मध्ये ती भागीदारी गुंडाळली गेली. पुढे २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नवी नीलगिरी लावायलाच बंदी केली. मामाने कात्रणाच्या कडेला लिहिलं होतं: ‘भाऊसाहेबांना दाखव.’ मी बाबांना दाखवलं नाही. तेव्हा आमची झाडं तीन वर्षांची होती, डोक्याच्या कितीतरी वर गेली होती, आणि बाबा रविवारी छोट्या रेल्वेगाडीने बोडेलीकडे जाऊन नुसती ती बघून यायचे. दाखवायला हवं होतं.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती. सत्कार करा, पण कोणती झाडं ते विचारून करा. ज्यांनी बांधावरचा महुडा राखला, विहिरीजवळचं उंबर तोडलं नाही, ज्यांच्या शेतात दुसऱ्याची शेळी चरते आणि ते ओरडत नाहीत, त्यांना बोलवा. मंडळात अशी दोन घरं आहेत, यादीत नाहीत, कारण त्यांची झाडं हजार भरत नाहीत. हजाराची अट काढा. वटपौर्णिमेला दांडिया बाजारातल्या आपण सगळ्या एकाच वडाभोवती गर्दी करतो, वडांच्या नावाच्या गावात. नीलगिरीला फेरे घातलेले मी तरी ऐकले नाहीत.

ते गृहस्थ येणारच असतील तर येऊ द्या, त्यांचाही धंदा आहे. पण भाषणाचं नाव ‘पर्यावरण’ ठेवू नका, ‘नीलगिरीचं पीक’ ठेवा. आणि त्यांना सगळ्यांसमोर विचारा: भाव करारात बांधलेला आहे की तोडणीच्या दिवशीचा? वजन ओल्या लाकडाचं की वाळल्याचं? सालीसकट की सोलून? शेवटचे खुंट काढायचे कोणी? शेजाऱ्याच्या विहिरीपासून किती हात लांब लावायचं? उत्तरं लिहून घ्या. ज्यांना त्यानंतरही लावायची आहे त्यांनी लावावी, निदान नदीकाठ आणि गौचर, म्हणजे गायरान, सोडून. आणि शेत आधी ज्यांच्या हाताने कसलं जात होतं त्यांना एकदा विचारून.

आमच्या अठरा विघ्यांपैकी सहा सध्या त्याच राठवा कुटुंबातला मुलगा कसतो. अर्धेलीवर, लिखापढी करून. भाऊ अजून म्हणतो कूळ लागेल. लागलं तर लागू दे.

आपली,
दांडिया बाजारची एक निवृत्त शिक्षिका

ता. क. भिंतीवरचं ते प्रमाणपत्र मंडळाला संग्रहासाठी हवं होतं, असं सचिव म्हणाले. जरूर न्या. चौकट मात्र संखेड्याच्या खराद्यांनी केलेली लाखकामाची, सागाची आहे. ती काढून ठेवते आहे.